नवं व्हर्जन येऊ द्या, मग बघू!

मे महिना सरत आला की आमच्या हिंगोलीत दोन विषय जोरात असतात. हळदीला भाव काय मिळाला हा पहिला, आणि पोरीला कुठला क्लास लावायचा हा दुसरा. दोन्ही विषय एकमेकांना बांधलेले आहेत. फेब्रुवारी-मार्चात काढलेली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमतच्या नाही तर हिंगोलीच्या बाजारात जाते, तेव्हा कुठे घरात एकरकमी पैसा दिसतो. त्यातूनच सोसायटीचं कर्ज फिटतं, त्यातूनच पुढच्या हंगामाचं बेणं येतं, त्यातूनच घरातलं एखादं लग्न उरकतं, आणि उरलंच तर पोरीचा क्लास.

‘उरलंच तर’ हे शब्द लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. कारण आज ज्या प्रश्नाबद्दल लिहिणार आहे, तो वरवर बघता अगदी तांत्रिक आहे. लिनक्सचा कोर्स आत्ताच करून टाकावा, की त्याचं नवं व्हर्जन येईपर्यंत थांबावं? तुम्ही म्हणाल, हा काय महिलांच्या पुरवणीत लिहायचा विषय झाला? पण बचत गटाच्या बैठका, मुलींसाठीची शिबिरं यांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हा प्रश्न मला अनेक पोरींनी विचारलाय, आणि त्यांच्या आयांनी त्याहून जास्त वेळा. उत्तर देणारं घरात कुणी नसतं. क्लासवाले सर देतात ते उत्तर त्यांच्या बॅचच्या सोयीचं असतं.

आधी थोडं मागचं. आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला आणि एमएस-सीआयटी महाराष्ट्रात सुरू झाली २००१ मध्ये. म्हणजे जिल्हा आणि कोर्स जवळजवळ एकाच वयाचे! सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ‘एमएस-सीआयटी किंवा समकक्ष’ असं यायला लागलं आणि तालुक्याच्या गावी संगणकाचे क्लास निघाले. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांनीसुद्धा तो कोर्स केला. त्यातल्या कित्येकजणींनी संगणक पाठ केला. हो, पाठच! कुठल्या मेनूत खाली तिसरं काय आहे, ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायच्या. पुढे मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ आणलं आणि ते सगळे मेनूच गेले, त्यांच्या जागी वरती चित्रांची रुंद पट्टी आली. ज्यांनी जागा पाठ केल्या होत्या त्या गोंधळल्या. ज्यांना पत्र कसं मांडायचं, तक्ता कसा करायचा, बेरजेचं सूत्र कसं घालायचं हे समजलं होतं, त्यांना दोन दिवसांत नवीन पट्टीची सवय झाली. हे उदाहरण मी मुद्दाम आधी देतेय, कारण लिनक्सच्या बाबतीतही शेवटी याच गोष्टीवर यायचंय.

तर लिनक्स म्हणजे काय? संगणक चालवणारी एक प्रणाली, विंडोजसारखी, पण फुकट आणि खुली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं की आपण हौस म्हणून अशी प्रणाली बनवतोय. त्याच्या आधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचं ग्नू नावाचं काम सुरू केलेलं होतंच. दोन्ही एकत्र आले आणि आज जगातले सगळ्यांत वेगवान पाचशे महासंगणक मोजायला घेतले तर नोव्हेंबर २०१७ पासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेही भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स काढलं. आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल आहे ना, त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे शेजारच्या मावशींपासून सगळ्याजणी रोज लिनक्स वापरतात, फक्त नाव माहीत नाही!

ज्यांना त्यात नोकरी करायचीय, त्यांना मात्र मोबाइल वापरून भागत नाही. बँका, विमा कंपन्या, सरकारी संकेतस्थळं यांचे मोठे संगणक, ज्यांना सर्व्हर म्हणतात, ते सांभाळणारी माणसं लागतात. त्यांच्यासाठी कोर्स असतो आणि परीक्षा असते. पुण्यात आपल्या मराठवाड्याची कितीतरी मुलं-मुली हे काम करतात.

गेल्या उन्हाळ्यात सेनगाव तालुक्यातली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. बी.एस्सी. झालेली, हुशार, घरी थोडी हळद, थोडं सोयाबीन. तिला जवळच्या शहरात लिनक्सचा क्लास लावायचा होता.

“काकू, सर म्हणायलेत की नवं व्हर्जन आलंय, पण त्याचं मटेरियल अजून आलं नाही. जुन्यावर शिकायचं तर आत्ता या, नाही तर तीन-चार महिने थांबा. काय करू?”

ती बोलायच्या आधीच आई म्हणाली, “थांबली तर थांबली. पैशे कुठं पळून चाललेत?”

आता खरं सांगू का, पैसेच पळून जातात! शेतकऱ्याच्या घरात नुसता पडून राहिलेला पैसा कुणी पाहिलाय? मोटार जळते, म्हैस आजारी पडते, धाकट्याची अॅडमिशन निघते. पोरीच्या क्लासचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तर सगळ्यांत आधी हलतात, कारण त्यांच्यामागे तगादा लावणारा कुणी सावकार नसतो. आणि चार महिने पोरगी घरी बसली की नातेवाइकांच्या डोळ्यांवर येते. “काय करायली पोरगी? काहीच नाही? मग बघा की एखादं स्थळ.” हळदीच्या पैशातून क्लासची फी जायची, त्याऐवजी अंगाला हळदच लागते.

हे मी उगाच रंगवून सांगत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. मराठवाड्यात हा आकडा त्याहून मोठा. ही मुलगी अठराची नाही, बावीसची होती, म्हणजे गावाच्या हिशेबाने ‘उशीरच झालेली’. पुण्यातल्या मुलाला “थांब रे चार महिने” म्हणणं आणि सेनगावच्या मुलीला म्हणणं, यात हा फरक आहे. मुलगा थांबतो तेव्हा तो ‘तयारी करतोय’. मुलगी थांबते तेव्हा ती ‘घरीच आहे’.

पण म्हणून डोळे झाकून “लाव क्लास” म्हणणंही बरोबर नाही. फी काही थोडी नसते आणि परीक्षेची फी तर पाच आकडी आहे. म्हणून मी पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याला फोन लावला. मी कला शाखेची बाई, मला सगळं दोन-दोनदा विचारावं लागलं. पण समजलं ते असं.

लिनक्स एक असलं तरी त्याची घरं अनेक. पीठ ज्वारीचंच, पण कुणी भाकरी करतं, कुणी धपाटे. उबुंटू हे त्यातलं एक घर. त्यांचा हिशेब मला फार आवडला. आवृत्तीचा आकडा म्हणजेच वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, त्यांची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. दुसरं घर रेड हॅट. कंपन्यांमध्ये हे फार चालतं, पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे. त्यांची आठवी आवृत्ती मे २०१९ मध्ये आली, नववी मे २०२२ मध्ये आणि दहावी मे २०२५ मध्ये. (आमच्याकडे ‘दहावी’ म्हटलं की बोर्डाचीच आठवते, तेव्हा पुढे मी आकडेच लिहिते.) म्हणजे दर तीन वर्षांनी नवी, आणि प्रत्येकीला साधारण दहा वर्षांचं आयुष्य.

आता जरा बोटांवर मोजा. नवी आवृत्ती बाजारात येते. मग तिच्यावरचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तयार व्हायला काही महिने जातात. मग मोठ्या शहरातले शिक्षक ते शिकतात, मग नांदेड-परभणीचे. मग पुस्तकं, मग व्हिडिओ आणि सगळ्यांत शेवटी मराठी. म्हणजे ‘नवं येईपर्यंत थांब’ या वाक्यातलं ‘नवं’ आपल्या दारात यायला वर्ष सहज लागतं, आणि तोपर्यंत पुढच्या आवृत्तीची चर्चा सुरू झालेली असते. थांबणाऱ्यासाठी नवं व्हर्जन कायम पुढच्याच स्टँडवर असतं.

बरं, थांबून मिळतं काय? पहिल्या पातळीवर जे शिकवतात ते म्हणजे फाइली बघणं, हलवणं, पुसणं, कुणाला वाचायची परवानगी आणि कुणाला बदलायची, नवा वापरकर्ता कसा तयार करायचा, जागा संपली तर डिस्क कशी जोडायची. यातल्या ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘आरएम’, ‘सीएचमॉड’ या आज्ञा १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतसुद्धा होत्या. युनिक्स म्हणजे लिनक्सची आजी. ती अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवली. म्हणजे या पोरींच्या आयासुद्धा जन्मल्या नव्हत्या तेव्हापासूनच्या या आज्ञा आजही तशाच चालतात. असं टिकाऊ ज्ञान दुसऱ्या कुठल्या कोर्समध्ये मिळतं, सांगा बरं?

आणि नवं म्हणजे जास्त टिकणारं, असंही नाही. याची एक गोष्ट भाच्याने सांगितली, ती मी आता सगळ्यांना सांगते. सेंटओएस नावाचं एक लिनक्स होतं. रेड हॅटसारखंच, पण फुकट, त्यामुळे क्लासेसमध्ये आणि छोट्या कंपन्यांत सगळीकडे तेच. त्याची ८ वी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली. २०२९ पर्यंत ती सांभाळली जाईल अशीच सगळ्यांची समजूत होती. डिसेंबर २०२० मध्ये अचानक जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ नंतर ती बंद. आणि तिच्या आधीची ७ वी? ती ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली! धाकटी आधी गेली, थोरली मागे राहिली. ‘८ येऊ दे, मग शिकू’ म्हणून जे थांबले असतील त्यांच्या पदरात काय पडलं? ज्यांनी ७ वर हात बसवला होता ते मात्र सरळ पुढे गेले. सेंटओएसच्या जागी २०२१ मध्ये अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स उभी राहिली, तीही फुकट, आणि आज्ञा बहुतेक त्याच.

तेव्हा माझं मत स्वच्छ आहे. पहिल्या पातळीचा कोर्स असेल तर थांबू नये.

पण दोन वेळा अशा येऊन गेल्या की तेव्हा थांबलेली माणसं शहाणी ठरली, हेही सांगायला हवं. रेड हॅटची ७ वी आवृत्ती २०१४ च्या जूनमध्ये आली तेव्हा संगणक सुरू होताना आतल्या सेवा कशा चालू होतात, ती पद्धतच बदलली. फायरवॉल सांभाळायची रीत बदलली, डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत बदलली. त्या दोन-तीन महिन्यांत ६ चा कोर्स नव्याने सुरू करणाऱ्याला बरंच पुन्हा शिकावं लागलं. दुसरी वेळ २०१९ ची. पहिल्या पातळीच्या परीक्षेला आरएचसीएसए म्हणतात आणि तिच्यापुढच्या परीक्षेला आरएचसीई. ८ व्या आवृत्तीबरोबर त्यांनी या पुढच्या परीक्षेचा विषयच पालटला. आधी वेगवेगळ्या सेवा एकेक करून बसवता येतात का हे बघायचे. आता अनेक संगणकांना एकदम काम सांगणारं अॅन्सिबल नावाचं साधन येतं का, हे बघतात. जुन्यावर तयारी केलेल्यांची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण पेपर भलताच आला हे खरं.

म्हणून वरच्या पातळीच्या कोर्सला जाताना चौकशी जरूर करावी. नव्या आवृत्तीत काय बदललंय याची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या पानावर असते. ती इंग्रजीत असते, पण दोन पानंच असतात. जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून पोरीनेच खुणा कराव्यात. चार-सहा मुद्द्यांचा फरक असेल तर थांबायचं कारण नाही, ते मुद्दे नंतर घरी भरून काढता येतात. अर्धी यादीच बदलली असेल तर प्रश्न वेगळा. हे ठरवायला सरांची गरज नाही आणि माझीही नाही.

परीक्षेचंही सांगते, कारण आयांना त्याची भीती जास्त असते. आरएचसीएसएमध्ये पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. समोर चालू संगणक असतो आणि कामं करून दाखवायची असतात. ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, ते परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून. नवी परीक्षा आली म्हणून जुनं प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी रद्द होत नाही. आणि कंपन्यांचं काय? कंपन्यासुद्धा लगेच नव्या आवृत्तीवर उड्या मारत नाहीत. चालणारा सर्व्हर कुणी हौसेने उघडत नाही. मुलाखतीत विचारतात ते “हा संगणक सुरू होत नाही, आधी काय बघशील?” असं.

आता घरी हात कसा बसवायचा, हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण इथे पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे, प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आवाज मराठी, आणि धडा चालू ठेवून शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून बघायचं. धडे उतरवून ठेवता येतात, त्यामुळे नेट गेलं तरी अडत नाही. लिनक्सचे धडेही आहेत. त्यातला उबुंटू जुना आहे, पडद्यावरची चित्रं आजच्याशी जुळत नाहीत. पण एमएस-सीआयटीवाल्या सुनांची गोष्ट आठवा! काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची तेव्हा चित्रांचा प्रश्नच येत नाही. लिनक्स फाउंडेशनचा इंग्रजी प्राथमिक कोर्सही फुकट करता येतो.

संगणक नाही ही आमच्याकडची खरी अडचण. पण विंडोज १० ची फुकट देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि विंडोज ११ न पेलणारे कितीतरी संगणक बाजूला पडलेत. दुकानात, पतसंस्थेत, एखाद्या सरांच्या घरी. असा एखादा मागून घ्यायला लाजू नका. लिनक्सला तो चालतो. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन, आतलं काही न पुसता, नुसतं चालवूनही बघता येतं. आणि तेही नसेल तर मोबाइल आहेच. टरमक्स नावाचं अॅप अँड्रॉइडवर चालतं, त्यात लिनक्सची काळी खिडकी उघडते. सेनगावच्या त्या मुलीने पहिल्या पन्नास आज्ञा मोबाइलवरच गिरवल्या, तेही रात्री सगळे झोपल्यावर, कारण दिवसा मोबाइल भावाकडे. छोट्या पडद्यावर बोटं दुखतात, म्हणून तिने एक जुना कीबोर्ड दीडवीत लांबीच्या ओटीजी वायरने जोडला. अर्थात मोबाइलवर सगळं होत नाही. नवे वापरकर्ते, डिस्क, सेवा चालू-बंद करणं यासाठी पूर्ण संगणक हवाच. पण क्लासच्या पहिल्या दिवशी ती कोरी पाटी घेऊन गेली नाही.

क्लासला जायचं म्हणजे एसटी आली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याने फार फरक पडलाय. मुलीचं रोजचं जाणं-येणं बाप आता मोजत बसत नाही. घरात आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी, ती म्हणजे रात्रपाळी. सर्व्हर रात्रीही चालतात, त्यामुळे सुरुवातीच्या नोकऱ्यांत रात्रपाळी येते. क्लास झाल्यावर, नोकरी हातात आल्यावर “रात्री नाही पाठवणार” म्हणणारे बाप मी पाहिलेत. नुसत्या लिनक्सवर लगेच मोठा पगार मिळतो, असंही कुणी सांगत असेल तर त्यावर जाऊ नका. थोडं नेटवर्किंग, थोडं इंग्रजी बोलणं आणि सुरुवातीची दोन वर्षं बारीकसारीक तक्रारी सोडवणं, हे करावंच लागतं.

लिनक्स म्हणजे लांबच्या शहरातलं काहीतरी, असं आपल्याला वाटतं, म्हणून सांगते. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांतून दूर अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या सूक्ष्म लहरी टिपायच्या. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणारी माणसं आता त्या दिशेला बोट दाखवतात. जगभरातल्या लायगोच्या शास्त्रज्ञांचं माहिती तपासायचं काम लिनक्सवर चालतं. पूर्वी ते सायंटिफिक लिनक्स नावाचं वापरायचे. त्या लिनक्सची ८ वी आवृत्ती काढणार नाही, असं बनवणाऱ्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं. म्हणून त्यांनी दुसरं घेतलं आणि काम चालू ठेवलं. तिथे आमच्या पोरींना उद्या नोकऱ्या लागतील असं मी म्हणत नाही. पण औंढ्याच्या शाळेतल्या पोरीने विचारलं की “हे कशावर चालणार?”, तर तिला उत्तर देणारी एखादी ताई गावात असावी, एवढं मला वाटतं.

क्लासवाल्यांबद्दल थोडं. सगळे वाईट नसतात. पण “नवीन अभ्यासक्रम येतोय, आत्ताच जागा धरून ठेवा” म्हणून पूर्ण फी आधी घ्यायची आणि बॅच सहा-सहा महिने सुरूच करायची नाही, असं आमच्या ओळखीतल्या दोन मुलींबाबत झालंय. नाव घेत नाही. पैसे परत मागायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. अर्धे मिळाले, अर्धे “अॅडजस्ट” झाले. याउलट दुसऱ्या ठिकाणच्या एका सरांनी स्पष्ट सांगितलं, “मी ९ वर शिकवतो. १० मध्ये जे बदललंय ते शेवटच्या आठवड्यात घेईन. परीक्षा कुठल्या आवृत्तीवर द्यायची ते तुम्ही तेव्हा ठरवा.” सेनगावची मुलगी याच सरांकडे जाते. तिने फी दोन हप्त्यांत ठरवून घेतली. पहिला हळदीच्या पैशातून, दुसरा सोयाबीन आल्यावर.

तेव्हा या उन्हाळ्यात क्लास लावणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा: शिकवणार कुठल्या आवृत्तीवर, नवी आली तर बदललेला भाग फुकट शिकवणार का, आणि जुन्या आवृत्तीची परीक्षा कधीपर्यंत देता येणार? नव्या आवृत्तीची परीक्षा सुरू झाली तरी जुनी साधारणपणे काही काळ चालू असते, पण तारीख आधी कळलेली बरी. परीक्षेची फी क्लासच्या फीबरोबर भरू नका, अभ्यास पुरा झाल्यावरच भरा. बॅच सुरू व्हायची तारीख पावतीवर लिहून घ्या. आणि पावती मुलीच्या नावाने घ्या, वडिलांच्या नको.